अंतराळात गंज कुठून आला?

सुरुवातीलाच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. विषय मात्र माझा पक्का आहे.

गेल्या सेमिस्टरला आमच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. खोलीत थिनर, स्प्रे पेंट वगैरे ज्वालाग्राही वस्तू वापरण्यास सक्त मनाई. त्याखाली कुणीतरी पेनने लिहिलं, 'विमानवाल्या बाईंसाठी'. त्या विमानवाल्या बाई म्हणजे मी. आणि ते विमान नाही, एक्स-विंग आहे, हेही इथे एकदाचं नमूद करते.

'स्टार वॉर्स'मधलं ते चार पंखांचं लढाऊ यान. बॅनडाई कंपनीचं 1/72 मापाचं किट माझ्या मामाने वाढदिवसाला दिलं. जोडून झालं की जेमतेम वीतभर. जोडायला अक्कल लागत नाही, गमसुद्धा लागत नाही, तुकडे खटकन बसतात. खरं काम त्यानंतर. आधी रंगवायचं आणि मग मुद्दाम जुनं करायचं. या जुनं करण्याला वेदरिंग म्हणतात आणि त्यावरूनच सगळे मला हसतात. रूममेट म्हणते, "नवी कोरी वस्तू आणून घाण कशाला करतेस?" आमच्या मजल्यावरच्या सफाईवाल्या मावशींनी तर एकदा ते उचलून विचारलं, "धुवून देऊ का गं?"

1977 साली 'स्टार वॉर्स' आला, तोपर्यंत बहुतेक सिनेमांतली यानं शोरूममधून आत्ताच काढल्यासारखी चकचकीत असायची. जॉर्ज लुकासला वापरलेलं, दुरुस्त केलेलं, ठोकाठोक झालेलं जग हवं होतं. त्याच्या मॉडेल बनवणाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या नि विमानांच्या किटमधले सुटे भाग काढून यानांवर चिकटवले आणि वर डाग, काजळी, उडालेला रंग दाखवला. त्या विभागाचा प्रमुख ग्रँट मॅक्यून. त्या सिनेमाला मिळालेल्या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या ऑस्करमध्ये त्याचंही नाव आहे. म्हणजे घाण करण्याला ऑस्कर मिळू शकतं, असं मी रूममेटला सुनावलं.

पण माझं पहिलं वेदरिंग खरोखरच भिकार होतं. यूट्यूबवर पाहिलं आणि दिसेल तिथे तांबडा गंज थोपटला. रूममेट मेटलर्जीची. तिने चहाचा कप खाली न ठेवता विचारलं, "अगं, तिथे हवा नाही, पाणी नाही. गंज कुठून आला?"

मी गप्प. दोन दिवस काही सुचेना. मग वाचायला लागले, तेव्हा कळलं की अंतराळात गंज नसला तरी झीज भरपूर आहे. नासाने एप्रिल 1984 मध्ये एलडीईएफ नावाचा, साधारण एसटी बसएवढा एक सांगाडा कक्षेत सोडला होता. वेगवेगळी मटेरियल्स तिथे किती टिकतात ते बघायला. वर्षभराने आणायचा, तो आणला जानेवारी 1990 मध्ये. अंगभर बारीक खड्डे. पृथ्वीजवळच्या कक्षेत ऑक्सिजनचे सुटे अणू असतात, त्यांनी काही प्लॅस्टिकच्या फिल्म्स अक्षरशः खाऊन टाकल्या होत्या. आणि मार समोरच्या बाजूला जास्त, मागच्या बाजूला कमी. त्याच्या आधी, 1983 मध्ये, चॅलेंजर यानाच्या खिडकीच्या काचेला खड्डा पडला आणि ती काच बदलावी लागली. कशाने? रंगाच्या एका कणाने, मिलिमीटरहूनही लहान! सोयुझची कुपी तर वातावरणातून येताना होरपळून काळी होऊनच उतरते. राकेश शर्मा 1984 मध्ये अशाच कुपीतून परत आले.

तेव्हा प्रश्न डाग हवा की नको हा नाही. तो डाग तिथेच का पडला, हा आहे. एक्स-विंग जमिनीवर उतरतं, जंगलातल्या तळावर उभं राहतं. म्हणून त्याला चिखल चालेल. मेकॅनिक जिथे पाय देऊन चढतो तिथला रंग झिजलेला चालेल. तोफेच्या टोकाशी काजळी हवीच. पण जे प्रचंड यान जन्मात कधी जमिनीवर उतरत नाही, त्याच्या अंगावर पावसाचे ओघळ काढणारे महाभाग आहेत, त्यांना काय म्हणावं?

मापाचंही तेच. 1/72 म्हणजे मॉडेलवरचा 1 मिलिमीटर खऱ्या यानावर 7 सेंटिमीटरहून जास्त. मी आनंदाने 3 मिलिमीटरचे टवके उडवले होते. हिशोब केला तर प्रत्येक टवका वीतभर! एवढा रंग उडालेलं यान कोण उडवेल? आता मी भांडी घासायच्या स्पंजचा चिमूटभर तुकडा रंगात बुडवते, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करते आणि मग नुसता टेकवते.

टवका, ओघळ, पोपडा, काजळी हे शब्दही मला मावशींकडून मिळाले. मला नुसतं 'चिपिंग', 'स्ट्रीकिंग' येत होतं. एकदा त्यांनी पुन्हा एक्स-विंग हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हा ओघळ आडवा कसा गं गेला? पाणी खाली जातं ना."

मी ऐटीत सांगितलं, "मावशी, उडताना वाऱ्याने तेल मागे जातं."

"आणि उभं असताना?"

उभं असतानाचा एकही ओघळ मी काढला नव्हता. बाथरूमच्या गळक्या पाइपाखालची भिंत रोज घासणाऱ्या बाईला जे दिसलं ते मला दिसलं नाही. तेव्हापासून मी बसस्टँडवर एसटीची मागची बाजू बघत उभी राहते. मैत्रिणी लांब जाऊन उभ्या राहतात.

आता त्या नोटिशीबद्दल. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी घाई केली. पॅनेलच्या रेषांत काळपट पातळ रंग, म्हणजे वॉश, सोडायचा असतो. ब्रशचं टोक टेकवलं की केशाकर्षणाने तो आपोआप रेषेत धावतो, बघायला फार मजा येते. पण त्याआधी ग्लॉस वार्निशचा थर द्यावा लागतो. मी तो दिला नाही. खटकन बसणाऱ्या तुकड्यांच्या सांध्यात ताण असतो. त्यात एनॅमलचा थिनर मुरला आणि सकाळी एक पंख मुळाशी तडकलेला. स्ट्रेस क्रॅकिंग मी परीक्षेत लिहून आले होते, दिसलं तेव्हा कळलं. आणि त्याच रात्री थिनरच्या वासाने रूममेटला पहाटेपर्यंत खोकला. तिनेच तक्रार केली आणि बरोबर केली. रेक्टर मॅडमनी नोटीस लावली तेही बरोबर. आगीशी खेळ नको.

पण बंदी घालून पुढे काय? आपल्या टेक्निकल फेस्टला येणारी मॉडेल्स बघा. थर्मोकोल, चमकी कागद, सगळं स्वच्छ. यातलं कुठलं मशीन कुठे झिजेल, तेल कुठून गळेल, असं परीक्षक विचारत नाहीत नि आपणही विचारत नाही. मशीन डिझाइनच्या पेपरात झीज येते ती फॉर्म्युल्यातून. एखादा जॉइंट आधी कुठे काळा पडेल हे मला रंगवताना जितकं डोकं खाजवावं लागलं तितकं कुठल्याच सबमिशनला लागलं नाही. (सबमिशन कशी होतात ते सर्वांना ठाऊक आहे.)

वर्कशॉपच्या कारपेंटरी सेक्शनमागे एक उघडी पडवी आहे. लाकडाला पॉलिश तिथेच मारतात, वास मोकळा जातो. वेल्डिंग सेक्शन दुसऱ्या टोकाला आहे. शनिवारी दुपारी दोन तास ती जागा, एक टेबल आणि थिनर ठेवायला स्टोअरमधलं कुलपाचं कपाट, एवढंच मागणारा अर्ज मी लिहिलाय. खाली अकरा सह्या आहेत. पहिली रूममेटची आहे. इन्स्ट्रक्टर सर म्हणाले, अर्ज प्रिन्सिपॉल सरांकडे गेलाय.

तोवर तडकलेला पंख मी फेव्हिक्विकने चिकटवलाय. जोड दिसतो. वर राखाडी रंगाचा एक वेगळा पट्टा मारलाय, लढाईत बदललेलं पॅनेल म्हणून.