घर घेताना वस्ती कुणाच्या पायांनी पाहावी?

गेल्या काही वर्षांत दवाखान्यात प्रकृतीच्या तक्रारींबरोबर एक निराळाच प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. ‘डॉक्टर, आईबाबांचा जुना फ्लॅट विकून सगळ्यांसाठी एकच मोठा घेतो आहोत. अमुक भाग कसा आहे? सुरक्षित आहे ना?’ मुलगा किंवा सून हे मनापासून विचारत असते. जरा खोलात गेले की सुरक्षिततेची त्यांची कल्पना कळते : फाटकावर चोवीस तास रखवालदार, प्रत्येक मजल्यावर कॅमेरा आणि पाहुणा आला की मोबाइलवर परवानगी मागणारी यंत्रणा. या सोयींना माझा विरोध नाही. परंतु इतक्या वर्षांच्या व्यवसायात माझ्या वृद्ध रुग्णांचे जे नुकसान झालेले मी पाहिले, त्यातले फारच थोडे फाटकातून शिरलेल्या चोराने केलेले होते. उखडलेला पदपथ, दूषित पाणी, उशिरा मिळालेले उपचार आणि एकटेपणा यांनी केलेले नुकसान कितीतरी मोठे आहे.

म्हणून अशा कुटुंबांना मी सुचवतो की वस्ती पाहायला जाताना घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला बरोबर न्यावे, आणि मोटार फाटकापासून अर्धा किलोमीटर अलीकडे उभी करावी. तेवढे अंतर त्यांना त्यांच्या चालीने चालू द्यावे. पदपथ आहे का, असल्यास त्यावर दुचाक्या उभ्या आहेत का, पेव्हर ब्लॉक हलतात का, चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीत आहेत का, मध्ये टेकायला एखादा बाक किंवा कट्टा आहे का, हे सारे त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये कळते. सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडणे हा किरकोळ अपघात नसतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी अनेकांचे पूर्वीसारखे स्वतंत्रपणे हिंडणेफिरणे परत येत नाही, आणि अंथरुणावरचे काही आठवडेच पायांची ताकद घेऊन जातात.

रस्ता ओलांडण्याचेही एक गणित आहे. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरण्याची रीत आहे. म्हणजे २४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला २० सेकंद. गुडघेदुखी असलेल्या पंचाहत्तरीच्या आजींची चाल सेकंदाला ०.८ मीटर असेल, तर त्यांना ३० सेकंद लागतील. राहिलेले १० सेकंद त्या भर रस्त्यात असतात. औषधाचे दुकान, वाणी, भाजीवाली आणि देऊळ अशा रस्त्याच्या पलीकडे असतील, तर जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, त्या आजींच्या दृष्टीने ते परगावीच आहेत.

माझ्या एका रुग्ण आजींची हकिगत सांगतो. पुण्याच्या पेठेतील जुन्या घरातून त्या उपनगरातील नवव्या मजल्यावर राहायला गेल्या. घर हवेशीर, सून प्रेमळ, कशाचीच उणीव नव्हती. पंधरा वर्षे नीट ताब्यात असलेली साखर मात्र आठ महिन्यांत बिघडली, वजन वाढले, रात्रीची झोप उडाली. आहार तोच आणि गोळ्याही त्याच होत्या. दिवसभर काय करता, असे विचारल्यावर उलगडा झाला. पेठेत त्या सकाळी देवळात, मग भाजीला, दुपारी भिशीला आणि संध्याकाळी वाड्यासमोरच्या ओट्यावर जात. व्यायाम असा त्यांनी आयुष्यात कधी केला नव्हता, पण पाय दिवसातून चार वेळा घराबाहेर पडत होते. नव्या घराच्या फाटकाबाहेर सहा पदरी रस्ता होता. पहिल्याच आठवड्यात एका दुचाकीचा धक्का लागता लागता त्या वाचल्या आणि त्यानंतर बाहेर पडल्याच नाहीत. सोसायटीच्या आवारात चालावे, तर तिथे मुलांच्या सायकली. ‘इथे मला काही होत नाही हो, पण मी कुठे जातही नाही,’ असे त्या म्हणाल्या. अशा वेळी गोळीची मात्रा वाढवून साखर खाली आणता येते. बंद झालेले बाहेर पडणे गोळीने सुरू होत नाही. पुढे सुनेने रोज संध्याकाळी त्यांना रस्त्यापलीकडच्या ज्येष्ठ नागरिक संघात सोडायला सुरुवात केली आणि बराच फरक पडला. त्यासाठी सुनेला मात्र रोज कामावरून लवकर निघावे लागते. घर निवडताना अर्धा तास चालून पाहिले असते, तर ही कसरत तिच्या वाट्याला आली नसती.

आता पाण्याविषयी. नळाला पाणी किती वेळ येते, एवढे सगळे विचारतात. ते कुठून येते आणि कोण शुद्ध करते, हे फारसे कोणी विचारत नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. पुढे जिल्ह्यातील रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. हातापायांतली शक्ती जाते आणि काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. पोटाच्या जंतुसंसर्गानंतर तो उद्भवू शकतो. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांत इमारती आधी उभ्या राहतात, शुद्ध पाण्याची वाहिनी मागून येते, आणि मधली वर्षे विहिरी, कूपनलिका व टँकर यांवर निघतात.

यावर उपाय सोपा आहे. विक्री कार्यालयात न विचारता तिथे राहणाऱ्या कुणाला तरी विचारावे : पाणी महापालिकेचे की टँकरचे? उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर येतात? टाक्या शेवटच्या कधी धुतल्या? पाण्यातील क्लोरीन तपासण्याचा छोटा संच मिळतो. नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते आणि रंगाच्या पट्टीशी ताडून प्रमाण कळते. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे. पाणी तसेच रंगहीन राहिले, तर जंतुनाशकाचे संरक्षण उरलेले नाही असे समजावे आणि पाणी उकळून प्यावे. घरात शुद्धीकरणाचे यंत्र आहे म्हणून निश्चिंत राहू नये. दात घासण्याचे आणि भाजी धुण्याचे पाणी त्या यंत्रातून येत नाही.

पाण्याचा दुसरा प्रश्न पावसाळ्याचा. पुणेकरांना १२ जुलै १९६१चा पानशेतचा प्रलय ठाऊक आहेच. अलीकडे २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि २५ जुलै २०२४ रोजी मुठेच्या पाण्याने सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत काय केले, तेही विसरण्याजोगे नाही. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपण पाहत असलेली इमारत या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे वास्तुविशारदाकडून किंवा महापालिकेच्या बांधकाम विभागातून लेखी समजून घ्यावे. ओढ्यांच्या काठच्या इमारतींसाठी तर तळमजल्यावरच्या जुन्या दुकानदाराला विचारणे सर्वांत उत्तम. पाणी कुठवर चढले होते, ते तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

‘आम्ही सहाव्या मजल्यावर आहोत, पाणी आमच्यापर्यंत कसे येईल?’ असे कोणी म्हणेल. पाणी येत नाही, हे खरे. पण वीज जाते, लिफ्ट बंद पडते, आणि जनरेटर तळघरात असेल तर तोही बुडतो. ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेले आजोबा, फ्रीजमध्ये इन्सुलिन ठेवणाऱ्या आजी, दिवसाआड डायलिसिसला जाणारे काका, हे त्या दिवशी सहाव्या मजल्यावरच अडकलेले असतात. म्हणून जनरेटर आणि विजेचे मुख्य पॅनेल कोणत्या पातळीवर आहेत ते स्वतः खाली उतरून पाहावे. घर दाखवणाऱ्याला याचे जरा नवल वाटेल, वाटू द्यावे.

रुग्णालयाचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅननंतर. हृदयविकाराच्या झटक्यातही प्रत्येक गेलेला तास हृदयाचा थोडा स्नायू घेऊन जातो. त्यामुळे जवळचे रुग्णालय म्हणजे जिथे रात्री दोन वाजता सीटी स्कॅन चालू असतो, अतिदक्षता विभागात डॉक्टर हजर असतो आणि शक्य तर कॅथलॅबही असते, ते. गल्लीच्या तोंडाशी असलेले छोटे प्रसूतिगृह या कामाचे नाही. शनिवारी संध्याकाळी सात वाजता, वाहतूक ऐन भरात असताना, नियोजित घरापासून तिथपर्यंत एकदा गाडीने जाऊन पाहावे. लागलेल्या मिनिटांत रुग्णवाहिका येण्याची मिनिटे मिळवावीत. १०८ क्रमांकाची सेवा चांगली आहे, पण चाळीस एकसारख्या इमारतींच्या वसाहतीत योग्य दार शोधण्यात चालकाची मौल्यवान मिनिटे जातात. इमारतीचा क्रमांक रस्त्यावरून दिसतो का? फाटकाची कमान रुग्णवाहिकेला अडणार नाही ना? लिफ्टमध्ये साडेसहा फुटांचे स्ट्रेचर आडवे मावते का? मावत नसेल तर रुग्णाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवावे लागते. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाला त्या खुर्चीत बसवण्याचे दृश्य ज्याने पाहिले आहे, तो पुन्हा लिफ्ट मोजल्याशिवाय घर घेणार नाही.

हवा आणि आवाज यांचे थोडक्यात सांगतो. दमा किंवा जुना श्वासविकार असेल, तर शेजारी सिमेंट काँक्रीट मिसळण्याचा प्रकल्प आहे का आणि समोरच्या मोकळ्या जागेवर काय होणार आहे ते पाहावे. ‘समोर मोकळे आहे’ याचा अर्थ बहुधा पुढची चार वर्षे धूळ असा असतो. बांधकामावर साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डासही होतात. खिडक्यांवर आणि सज्जांवर कबुतरांची वस्ती असेल, तर त्यांच्या विष्ठेच्या धुळीने काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. नियमांनुसार निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मंगल कार्यालयाच्या शेजारी ती कितपत पाळली जाते, ते लग्नसराईत एकदा रात्री तिथे उभे राहून अनुभवावे.

आता कॅमेऱ्यांकडे वळतो. आत कोण आले, हे कॅमेरा दाखवतो. सकाळपासून कोण बाहेर आले नाही, हे मात्र त्याला सुचत नाही. न्हाणीघरात पडून तासन् तास तसेच राहिलेले वृद्ध रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी जे लवकर सापडले, ते ‘आज दूध दारातच कसे?’ असे वाटून बेल वाजवणाऱ्या शेजारणीमुळे. अलीकडचे चोरही फाटकातून येत नाहीत. ते फोनवरून येतात. पोलीस असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अटके’च्या नावाखाली वृद्धांना तासन् तास, कधी काही दिवस, व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवायचे आणि ठेवी काढून घ्यायच्या, हा प्रकार साधतो तो एकटेपणामुळे. दारावर कुणी चहाला बोलवायला आले, तर त्या फसवणुकीचा धागा तिथेच तुटण्याची शक्यता असते. अशी फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे.

शेजार कसा आहे, हे विकत घेण्याआधी कळावे कसे, असे आपण विचाराल. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला त्या आवारात जाऊन बसावे. बाकांवर वयस्क मंडळी दिसतात का? रखवालदार आजोबांना नावाने हाक मारतो का? जवळ ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, विरंगुळा केंद्र आहे का? कोपऱ्यावरचा औषध दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकांना ओळखतो का? आणि घरी येऊन तपासणारा एखादा डॉक्टर त्या भागात उरला आहे का? बाकांवर कुणीच नसेल, तर बाग कितीही सुंदर असली तरी ती जाहिरातीच्या छायाचित्रापुरतीच समजावी.

माझे स्पष्ट मत असे आहे की वृद्ध आईवडील आपल्या जुन्या वस्तीत चालतेफिरते असतील, तर केवळ नवे घर मोठे आहे म्हणून त्यांना तिथून उपटू नये. शक्य झाल्यास मुलांनीच त्यांच्याजवळ घर पाहावे. ते जमणार नसेल आणि हलणे भागच असेल, तर जुना फ्लॅट विकण्याची घाई न करता त्या नव्या भागात आधी भाड्याने राहून पाहावे. ११ महिन्यांचा करार कोणत्याही महिन्यात केला, तरी पावसाळ्याचा बराच भाग त्यात येतोच. उन्हाळ्यातले टँकरही बहुधा मोजून होतात. आणि तेवढ्या अवधीत आजी आपणहून किती वेळा बाहेर पडल्या, हे कॅलेंडरवर रोज एक खूण करून ठेवावे.