लटकत आवळलेले बोल्ट

या अंकाचा मुख्य लेख माझ्दा एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारचे शॉकअप आणि बुश घरच्या घरी बदलण्यावर आहे. सांगली-सोलापूरकडच्या वर्गणीदारांच्या कपाळाला आठ्या पडणार, हे धरूनच आम्ही तो घेतला. ही दोन सीटची, टप उघडणारी गाडी कंपनीने भारतात कधी विकली नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात ती कधी उभी राहणार नाही. तरीही तिच्यावर पाने खर्च केली, कारण आपल्या रोजच्या कामातली एक खोड या गाडीच्या निमित्ताने लख्ख दिसते.

आधी गाडीबद्दल थोडे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. जपानमध्ये तेव्हा तिचे नाव युनोस रोडस्टर होते. तोशिहिको हिराई हे या प्रकल्पाचे मुख्य अभियंते. १.६ लिटरचे इंजिन, मागची चाके ओढणारी, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. त्या किमतीच्या गाडीला हे शेवटचे फार होते. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. पहिल्या पिढीच्या गाड्या आता तिशी उलटून गेलेल्या आहेत. शॉकअप गळालेले, रबरे दगड झालेली. अमेरिकेत आणि इंग्लंडात त्यांचे मालक शनिवार-रविवारी घराच्या गॅरेजमध्ये गाडी घोड्यांवर चढवतात आणि स्वतः काम करतात. मजुरी तिथे तासावर, आणि तासाचा दर ऐकला तर आपण सगळे उद्याच व्हिसाच्या रांगेत उभे राहू.

माझा भाचा त्यांतलाच एक. शिक्षणाने कॉम्प्युटरचा, राहायला मिशिगनमध्ये, आणि जवळ १९९० च्या दशकातली लाल एमएक्स-५. थंडीत तिथल्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा खालचा भाग खाते. आपल्या मालवण-रत्नागिरीच्या गाड्यांना खारा वारा खातो तसेच. एका शनिवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, "मामा, मागच्या लोअर आर्मचा लांब बोल्ट फिरतोय, पण निघत नाही."

मी म्हटलं, "पाना सोड आणि बघ, बोल्ट उलटा मागे येतो का."

त्याने पाना सोडला. बोल्ट सावकाश मागे फिरला आणि थांबला.

ज्याने हे काम केले आहे त्याला इथेच कळते. बोल्ट सुटून फिरत नव्हता. तो बुशच्या आतल्या नळीला गंजाने चिकटला होता आणि नळीसकट रबर पिळत होता. पाना सुटला की रबर त्याला परत जागेवर आणत होते. अशा वेळी पान्याला पाईप लावून काही साधत नाही. गंजतेल मारून रात्रभर सोडायचे, नाही जमले तर कंसाच्या आतल्या बाजूने बोल्ट कापायचा आणि बुश-बोल्ट दोन्ही नवे घ्यायचे. टॉर्च मारायचा मोह होतो. पण रबर पेटते, धूर होतो, आणि या गाडीची पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच आहे. भाच्याने बोल्ट कापला.

नंतर त्यानेच मला एक प्रश्न विचारला. "मामा, मॅन्युअलमध्ये लिहिलंय की बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळायचे. आपल्याकडे गॅरेजमध्ये करतात का असं?"

प्रश्न अगदी वर्मावर बसला.

रबरी बुशमध्ये दोन नळ्या असतात, एक बाहेरची आणि एक आतली, आणि मधले रबर दोन्हींना चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी कंसाच्या दोन पानांत घट्ट धरली जाते. ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तो फक्त रबर पिळून. म्हणजे बुश ही एक छोटी स्प्रिंगच आहे, आणि तिचा शून्य बिंदू कुठे हे आपण बोल्ट आवळतो त्या क्षणी ठरते. चाक लटकत असताना, आर्म खाली झुकलेला असताना आवळला, तर शून्य तिथे. मग गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर पिळलेले राहते; रात्रभर पार्किंगमध्ये उभ्या गाडीतसुद्धा, मान एका बाजूला वळवून झोपलेल्या माणसासारखे. वर खड्डा आला की तेच रबर त्याच बाजूला आणखी पिळते. ते चिकटवलेल्या जागेपासून सुटते किंवा कडेने फाटते. शिवाय पिळलेले रबर गाडीला जरासे वर ढकलून धरते, त्यामुळे उंचीही खरी दिसत नाही आणि अलाइनमेंट त्या खोट्या उंचीवर होते.

आपल्याकडे ही खोड कुठून आली, याचा मी बराच विचार केला. जुन्या मिस्त्र्यांना रबराचे शास्त्र कुणी शिकवले नव्हते, पण त्यांच्या हातून हे काम बरेचदा बरोबर व्हायचे. कारण त्यांच्याकडे खड्डा होता. गाडी चाकांवर खड्ड्यावर उभी, मिस्त्री खाली उतरलेला, हातात गोटी पाना. तो शेवटचे आवळायचा तेव्हा गाडीचे वजन आपोआप चाकांवर असायचे. मग टू-पोस्ट लिफ्ट आली. ती चांगलीच आहे. कंबर वाचली, उजेड आला, तेल अंगावर पडायचे थांबले. पण तिचे हात गाडीला बॉडीखाली धरतात आणि चारही चाके हवेत लोंबकळतात. खड्ड्यात जे काम सवयीने नीट व्हायचे, ते लिफ्टवर मुद्दाम लक्ष दिल्याशिवाय चुकते. त्यात इम्पॅक्ट गन हातात. घर्रर्र झाले की काम झाले.

या खोडीची किंमत आपण सगळे मोजतो, फक्त ती भलत्याच खात्यावर पडते. हॅचबॅकचा लोअर आर्म बदलला, काही महिन्यांत पुन्हा खटखट, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन हजर. आपले उत्तर ठरलेले: माल डुप्लिकेट होता, नाहीतर रस्ते खराब. रस्ते खराब आहेतच, त्यावर वाद नाही, आणि बाजारात वाईट मालही भरपूर आहे. पण कंपनीचा खरा आर्म लटकत आवळला तरी त्याचे रबर असेच फाटते. कधीतरी एखादा फाटलेला बुश टेबलावर ठेवून नीट बघा. रबर एकाच बाजूला, एकाच दिशेने फाटलेले असेल, तर आधी आपल्याच गनकडे बघायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर उत्साहात सगळेच बोल्ट कुणी खाली आणून आवळेल. हा नियम फक्त तिथे लागतो, जिथे बोल्ट रबरी बुशची आतली नळी पकडतो आणि आर्म त्या बोल्टाभोवती वर-खाली होतो: लोअर आर्म, अपर आर्म, मागच्या आडव्या बीमचा पुढचा बुश, ट्रेलिंग आर्म, शॉकअपचा खालचा रबरी डोळा. मॅकफर्सन स्ट्रट नकलला धरणारे दोन बोल्ट लटकत आवळले तरी चालते. तिथे रबर नाही. पॉलीयुरेथेन बुशमध्ये नळी सहसा ग्रीसमध्ये मोकळी फिरते, तिथेही पिळाचा प्रश्न नाही. तिथला प्रश्न वेगळा: ग्रीस संपले की किरकिर.

खड्डा बुजवून टाइल्स बसवलेल्या गॅरेजने काय करायचे? काम सुरू करण्याआधी, गाडी जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून खडूने लिहून ठेवायचे. बोल्ट सगळे हाताने बसवायचे, खेळ राहील इतकेच. मग गाडी खाली उतरवून, थोडी पुढे-मागे ढकलून, अलाइनमेंटच्या रॅकवर न्यायची आणि शेवटचे आवळणे तिथे, टॉर्क पान्याने करायचे. रॅकवर गाडी चाकांवरच उभी असते; जुना खड्डाच आहे तो, फक्त वर उचललेला. रॅक नसेल तर लोअर आर्मच्या टोकाखाली, बॉल जॉइंटजवळ, जॅक लावून मोजलेले अंतर येईपर्यंत चाक वर घ्यायचे. बॉडीखाली घोडी कायम ठेवूनच. स्प्रिंग नव्या, वेगळ्या उंचीच्या असतील तर जुने माप उपयोगाचे नाही. मग गाडी उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. एमएक्स-५ च्या लोअर आर्मचे आतले बोल्ट तर कॅमचे आहेत, कॅम्बर-कॅस्टर त्यांवरच ठरतो. ते उघडण्याआधी कॅम आणि कंस दोन्हींवर रंगाची एक रेघ मारायची. नाहीतर गाडी रॅकपर्यंत पोचतानाही रस्त्यावर भटकते.

आता दुसरी बाजू. घरी काम करणाऱ्याकडे घड्याळ नसते म्हणून तो मॅन्युअल वाचतो, हे खरे. पण त्याच्याकडून ज्या गोष्टी होताना मी पाहिल्या, त्यांनी अंगावर काटा येतो. ऑनलाइन मागवलेला दोन हुकांचा स्प्रिंग कॉम्प्रेसर ही त्यांतली सगळ्यात वाईट. मिलिमीटरला तीन किलोची स्प्रिंग शंभर मिलिमीटर दाबली की तीनशे किलोचा जोर हाताच्या अंतरावर कोंडलेला असतो. एक हुक घसरला तर तो जोर कुठल्या दिशेने सुटेल याचा नेम नसतो. असे गिऱ्हाईक आपल्याकडे स्ट्रट घेऊन आले आणि "फक्त स्प्रिंग काढून द्या" म्हणाले, तर नाक मुरडू नका. चांगल्या प्रेसवर पाच मिनिटांचे काम आहे, वाजवी पैसे घ्या आणि करून द्या. विटांवर किंवा सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर गाडी ठेवणारेही भेटतात. ब्लॉक चुरा होताना आधी कळवत नाही.

शॉकअपच्या बाबतीत आपण आणि घरवाले सारखेच चुकतो. वरचा नट फिरवताना दांडा फिरू नये म्हणून तो व्हाइस-ग्रिपने धरायचा, ही आपल्याकडे जणू परंपराच झाली आहे. दांड्याच्या क्रोमवर एक ओरखडा पडला की प्रत्येक खड्ड्याला सील त्यावर घासते आणि नवा शॉकअप गळू लागतो. दांड्याच्या टोकाला चपटी खाच किंवा षटकोन असतो तो याचसाठी. दुहेरी नळीचा शॉकअप खोक्यात आडवा पडलेला असतो. आतल्या नळीत हवा गेलेली असते. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढून-दाबून हवा काढल्याशिवाय तो बसवू नये. बम्प स्टॉप कापून टाकणे हा आणखी एक प्रकार. एमएक्स-५ सारख्या कमी प्रवासाच्या सस्पेन्शनमध्ये फोमचा तो गोळा म्हणजे शेवटचा अडसर नसून स्प्रिंगचाच एक भाग आहे. तो काढला की मऊ गाडी अचानक आपटायला लागते आणि दोष नव्या शॉकअपवर येतो.

मॅन्युअलचा मुद्दा राहिला. भाच्याला चाकाच्या नटांपासून सगळे टॉर्क आकडे सहज मिळाले; जुन्या एमएक्स-५ च्या चाकाच्या नटाला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर. आपल्याकडच्या छोट्या गॅरेजला आपल्या रस्त्यावरच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या गाडीचे आकडे शोधावे लागतात. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, आणि त्यात सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देणे हाच कळीचा आरोप होता. प्रकरण अपिलात गेले. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन हे एक क्षेत्र आहे. पोर्टलवर एकदा जाऊन बघाच. आपल्या फिटरला बोल्ट कुठल्या स्थितीत आणि किती आवळायचा हे त्यावरून कळते का, याची खात्री करा. आम्हाला कळवा. संघटनांनीही फक्त जीएसटीवर निवेदने देण्यापेक्षा या आकड्यांची मागणी लावून धरावी.

आणि पैशांचे. चाकांवर आणून आवळायला अर्धा तास जास्त लागतो, तो कुणीतरी मोजला पाहिजे. अमेरिकेतल्या बऱ्याच गॅरेजांत कामाला ठरीव तास असतात; त्या तासांत काम उरकले तरच मेकॅनिकला परवडते, त्यामुळे तिथेही लिफ्टवर लटकत आवळणारे कमी नाहीत. आपल्याकडे ठरीव तास नाहीत, पण "एका आर्मचे अमुक" असा ठरीव दर आहे, आणि परिणाम तोच होतो. माझी सूचना अशी: जॉब कार्डवर आर्म किंवा बुशच्या कामाखाली "वजनावर आवळले" अशी एक ओळ छापा, फिटरची सही घ्या, आणि त्याचे पैसे अलाइनमेंटच्या बिलात वेगळे लावा. गिऱ्हाईक विचारेल हे कसले. त्याला फाटलेला बुश हातात द्या आणि फाटलेली बाजू दाखवा. शंभर-दीडशे रुपयांसाठी त्यानंतर फारसे कुणी भांडत नाही.