कायदा आणि आपण : शाळेला जागा दिली, तर मालमत्ता कर माफ होतो का?

आपल्या मोहल्ल्यांत अशी इमारत नेहमी दिसते. तळमजल्यावर तीन-चार दुकाने, पहिल्या मजल्यावर मशीद आणि त्यावर दोन-तीन खोल्या. त्या खोल्या एखाद्या शिक्षण संस्थेला शाळेसाठी दिलेल्या असतात आणि संस्था जमातीला दरमहा थोडेफार भाडे देते. महापालिकेचे बिल आले की विश्वस्त म्हणतात, "इथे तर मुले शिकतात, आपल्याला कर कसला?" बिल फाइलला लावले जाते. काही वर्षांनी थकबाकी आणि दंडाचा आकडा समोर आला की मग धावपळ सुरू होते.

शाळा चालते म्हणजे कर माफ, हा समज चुकीचा आहे. कायदा शाळेची पाटी पाहत नाही. जागा कोण वापरतो, कशासाठी वापरतो आणि त्या जागेतून भाडे मिळते का, हे तो पाहतो.

मुंबईचे उदाहरण घेऊ. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 143 नुसार केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरात असलेल्या जागेला सर्वसाधारण कर लागत नाही. पण त्याच कलमात पुढे स्पष्ट म्हटले आहे की ज्या जागेत धंदा-व्यापार चालतो किंवा ज्या जागेपासून भाडे मिळते, ती जागा या सवलतीत धरली जाणार नाही. मिळालेले भाडे सगळेच्या सगळे धार्मिक किंवा धर्मादाय कामावर खर्च केले, तरी फरक पडत नाही. भाड्याचा पै न् पै यतीम मुलांवर खर्च होत असेल, तर अल्लाहकडे त्याचा अज्र आहेच, पण करनिर्धारण खात्याकडे सवलत नाही.

याच कलमात एक उपयोगाची तरतूदही आहे. इमारतीचा काही भाग सवलतीस पात्र असेल, तर तो करासाठी स्वतंत्र मालमत्ता समजला जातो. म्हणजे खाली दुकाने आहेत म्हणून वरच्या मशिदीची सवलत जात नाही. दुकानांवर आणि भाड्याने दिलेल्या खोल्यांवर कर लागेल, नमाजच्या जागेवर सर्वसाधारण कर लागणार नाही. त्यासाठी कोणता मजला कशासाठी वापरला जातो, हे नकाशासह महापालिकेकडे नोंदलेले हवे. सगळ्या इमारतीचे बिल एकत्र येत असेल, तर आधी ते वेगळे करून घेण्याचा अर्ज करावा.

सवलत मिळाली तरी सगळे बिल शून्य होत नाही. मुंबईच्या बिलात सर्वसाधारण करासोबत जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर असे अनेक रकाने असतात. कलम 143 ची सवलत फक्त सर्वसाधारण करापुरती आहे. बाकीचे रकाने त्या सवलतीने पुसले जात नाहीत.

भाडे घेतलेच नाही, तर? जागा शाळेला विनामोबदला वापरायला दिली, तर भाड्याची अडचण राहत नाही. तरीही शाळेचे काम धर्मादाय आहे का, हा प्रश्न उरतोच. दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये चिल्ड्रन बुक ट्रस्टच्या निकालात सांगितले की तिथल्या कायद्यानुसार नुसती शाळा चालवणे पुरेसे नाही, संस्थेला लोकांच्या ऐच्छिक देणग्यांचा आधारही असायला हवा. तो कायदा दिल्लीचा आहे, पण धडा आपल्यालाही लागू पडतो. भरमसाट फी घेणाऱ्या संस्थेला जागा फुकट दिली, म्हणून सवलत मिळेलच असे धरून चालू नये.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: "भाड्याच्या पावतीवर देणगी असे लिहा, प्रश्न मिटला." हा मार्ग धरू नका. दरमहा ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला, जागेच्या बदल्यात येत असेल, तर तिला कोणतेही नाव दिले तरी ते भाडेच आहे. हिशेब तपासताना ते उघडे पडते. आणि मशिदीच्या हिशेबात खोटे लिहून वाचवलेल्या पैशात बरकत कुठून येणार? त्यापेक्षा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. वर्षाला किती भाडे मिळते आणि ते सोडले तर किती सर्वसाधारण कर वाचतो? भाडे जास्त असेल, तर ते घ्यावे आणि कर भरावा. कर जास्त असेल, तर जागा खरोखर विनामोबदला द्यावी आणि सवलतीचा अर्ज करावा.

कर कोणी भरायचा, यावरून जमात आणि शाळा यांच्यात कटुता येते. मुंबईच्या कायद्याच्या कलम 146 नुसार जागा भाड्याने दिली असेल, तर कर वसूल करण्यासाठी महापालिका आधी जागा देणाऱ्याकडेच येते. मात्र मोकळी जमीन एक वर्षापेक्षा जास्त मुदतीने दिली असेल आणि भाडेकरूने तिच्यावर स्वतः इमारत बांधली असेल, तर जमीन आणि इमारत दोन्हींचा कर आधी त्या भाडेकरूकडून घेतला जातो. आपसात काय ठरले आहे ते करारात लिहिलेले असावे. देण्याघेण्याचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवावा, ही शिकवण सूरह अल-बकरामध्ये आहेच. जमातीचे अध्यक्ष आणि शाळेचे सचिव एकाच घरातले असले, तरी करार हवाच.

करार करताना परवानगी विसरू नये. सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. मालमत्ता वक्फ म्हणून नोंदलेली असेल, तर वक्फ मंडळाकडे जावे लागते.

ज्यांनी स्वतःच्या घराचा गाळा किंवा खोली बालवाडीला, शिकवणीला दिली आहे, त्यांनीही लक्ष द्यावे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मिळणारी माफी ही राहत्या घरांसाठी आहे. वापर बदलला की ती गृहीत धरता येत नाही.

मुंबईबाहेरच्या महापालिकांना 1949 चा अधिनियम लागू आहे. त्यात सवलतीचे कलम 132 आहे, आणि नगरपरिषदांचा कायदा आणखी वेगळा. मुंबईचा नियम जसाच्या तसा तिथे लावू नका. आपल्या शहराचे कलम वकिलाकडून वाचून घ्या.

शेवटी, बिल मान्य नसेल तर गप्प बसू नका. हरकतीची तारीख नोटिशीवरच छापलेली असते, ती चुकवू नका. अपिलाची मुदत अवघी काही दिवसांची असते. उशीर झाला की दरमहा 2 टक्के दंड चढतो. हा दंड विश्वस्तांच्या खिशातून जात नाही, लोकांनी जुम्म्याच्या झोळीत टाकलेल्या पैशातून जातो. तो पैसा आपल्याकडे अमानत आहे.