लहान म्हणजे पिल्लू नव्हे



वर्सोव्याच्या खडकांतल्या बोटाच्या पेराएवढ्या माशाला एका वाचकांनी गेल्या रविवारी ‘निवटीचे पिल्लू’ ठरवले. निकष एकच, आकार. तो पटण्याजोगा नाही. प्रवाळांतला एव्हिओटा सिगिलाटा हा गोबी गटातला मासा पूर्ण वाढूनही जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा असतो आणि फार तर 59 दिवस जगतो.

ओळख परांवरून पटते. गोबीच्या पाठीवर सहसा दोन वेगळे पर असतात, ब्लेनी या दुसऱ्या गटातल्या माशांच्या पाठीवर बहुधा एकच लांबलचक. बहुतेक गोबींचे पोटाखालचे पर जुळून वाटी होते. तिच्या आधारे ते खडकाला चिकटतात. एव्हिओटात मात्र ते बव्हंशी सुटे असतात, तिथे डोक्यावरची सूक्ष्म छिद्रे तपासावी लागतात.

निवटीही गोबीच, पण ती खाडीच्या चिखलातली. डोळे थेट माथ्यावर. तिची एक जात, बोलिओफ्थॅल्मस दुसुमिएरी, प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी 1837 मध्ये मुंबईच्याच नमुन्यांवरून नोंदवली. ज्या शहराने शास्त्राला हा मासा दिला, तिथे तरी अंदाजपंचे नावे देऊ नयेत. छायाचित्र पाठ, बाजू आणि पोट अशा तिन्ही अंगांनी, मोजपट्टीसह घ्यावे आणि मासा लगेच पाण्यात सोडावा.

– एक वाचक, बोरिवली