थायरॉइडची गोळी: पंधराव्या दिवशी तपासणीची घाई नको

"डॉक्टर, गोळी सुरू करून पंधरा दिवस झाले, टीएसएच अजून वरच आहे. डोस वाढवू या का?" माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं.

लेव्होथायरॉक्सिनचं हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे ७ दिवस आहे. थायरॉइड मंदावलेला असेल तर आणखी जास्त. रोजच्या गोळीने शिल्लक साठत जाते: पहिल्या आठवड्याअखेर अंतिम पातळीच्या ५० टक्के, दुसऱ्या ७५, पाचव्या सुमारे ९७. टीएसएचचा आकडा त्याच्याही मागून उतरतो. म्हणून तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी. (गरोदर असाल तर मात्र साधारण दर ४ आठवड्यांनी.) त्याआधी तपासणं म्हणजे शिट्टी व्हायच्या आत कुकर उघडून भात कच्चा म्हणणं.

लॅबचं पॅकेज स्वस्तात मिळालं म्हणून तपासलं आणि स्वतःच डोस वाढवला, तर त्याचा पूर्ण परिणाम महिना-दीड महिन्याने दिसतो: धडधड, हातांना कंप, झोप उडणं. वयस्करांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तरी पातळी फारशी ढळत नाही, तीही याच हाफ-लाइफमुळे.