प्रश्न विचारणाऱ्याला हाकलू नका

जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर 2017 पासून लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतो. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. तरीही 1991 मध्ये जन्मलेली आणि फुकट मिळणारी ही प्रणाली घरातल्या संगणकांवर मात्र अजून मूठभरांचीच राहिली आहे. तंत्र कच्चं असतं, तर महासंगणकांनी ते स्वीकारलं नसतं. या दुराव्याचं एक मोठं कारण जुन्या वापरकर्त्यांच्या वागण्यात आहे. प्रिंटर का चालत नाही, असं विचारणाऱ्या नवख्याला ‘आधी माहितीपुस्तिका वाच’ म्हणून झटकण्याची रीत या वर्तुळात वर्षानुवर्षं रुजली. असा अपमान झालेला माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही, तो मुकाट्याने विंडोजकडे परततो.

यावर कोणी म्हणेल, की दुकानातून येणाऱ्या बहुतेक संगणकांत विंडोज आधीच असते, फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाहीत; तिथे वागणुकीचा काय संबंध? अडचण खरी आहे. पण तीच अडचण असताना 2004 मध्ये आलेल्या उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीने सौजन्याची आचारसंहिता सुरुवातीपासून पाळली आणि सामान्य माणसाला लिनक्सची ओळख करून देण्यात ही आवृत्ती आघाडीवर राहिली. केरळच्या सरकारी शाळांनी शिक्षकांनाच प्रशिक्षक केलं. वर्गात अडलं तर विचारायला ओळखीचा माणूस होता, म्हणून तिथे लिनक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर टिकलं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने तर लिनक्सचे धडे मराठीतही दिले.

दुसरा आक्षेप असा, की मदत करणारे बिनपगारी आहेत, तोच प्रश्न शंभरदा ऐकून ते वैतागणारच. वैताग समजण्यासारखा आहे. पण उत्तर द्यायला वेळ नसेल तर गप्प राहता येतं, अपमान करायलाच हवा असं नाही. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी सप्टेंबर 2018 मध्ये आपल्या तिखट भाषेबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामातून बाजूला झाले. जनकाला जे उमगलं, ते अनुयायांनीही मनावर घ्यावं.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 साठी नियमित मोफत सुरक्षा अपडेट मिळणं थांबलं. विंडोज 11 च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट संगणक लिनक्सवर आणखी काही वर्षं काम देतील. त्यांचे मालक आता पहिला, अगदी साधा प्रश्न घेऊन येतील. लिनक्स जाणणाऱ्यांनी तो शांतपणे ऐकावा आणि मराठीत, समजेल असं उत्तर द्यावं.