पिशाचाला बोलू द्या

काशीस बदली होऊन आलेल्या मराठी अधिकाऱ्याकडे देशावरून पाहुणे येत राहतात, आणि त्यांना विश्वनाथ, दशाश्वमेध, मणिकर्णिका अशी ठरलेली फेरी घडविणे हे त्याच्या नोकरीतले एक अलिखित कलमच होऊन बसते. या फेरीत पिशाचमोचन सहसा नसते. ते गंगेपासून दूर, शहराच्या पश्चिम भागात आहे. तेथे आरती पाहावयास कोणी जात नाही. गेल्या पितृपक्षात मात्र गयेस निघालेल्या एका वृद्ध आप्तांना घेऊन मला तेथे जावे लागले. गयेस जाण्यापूर्वी पिशाचमोचनी त्रिपिंडी श्राद्ध करावे, अकाली गेलेल्यांची वाट मोकळी करावी, असा परिपाठ आहे. कुंडाच्या काठी पिंपळ आहे. त्याच्या बुंध्यात असंख्य खिळे आणि नाणी ठोकलेली आहेत. एकेका खिळ्याने कोणाच्या तरी घरचे एक अस्वस्थ भूत तेथे जखडून ठेवले आहे, अशी समजूत.

त्याच रात्री घरी माझा पुतण्या संगणकावर एक खेळ खेळत होता. 'सायलेंट हिल २' हे त्याचे नाव. कोनामी या जपानी कंपनीने तो २००१ साली काढला आणि २०२४ साली ब्लूबर टीम या पोलिश कंपनीने तो नव्याने घडविला. जेम्स नावाच्या गृहस्थाला मृत पत्नीचे पत्र येते आणि तिच्या शोधात तो धुक्याने भरलेल्या एका ओसाड गावात फिरतो. तेथे त्याला जो पहिला शत्रू भेटतो तो अगदीच किरकोळ आहे. 'लाइंग फिगर' म्हणतात त्याला. हात स्वतःच्याच कातडीत आवळून बांधल्यासारखे, चेहऱ्याचा पत्ता नाही. झोकांड्या खात येतो आणि अंगावर विखारी फवारा सोडतो. जेम्स हातातल्या फळीने त्याला बडवितो, तो पडतो, वळवळतो, आणखी दोन फटके बसले की संपतो.

"हा कोण होता रे?" मी विचारले.

"कोणी नाही, काका. साधा शत्रू आहे."

माझ्याशेजारी एक सुविद्य स्नेही बसले होते. आयुष्यभर सरकारी नोकरी करून नुकतेच निवृत्त झालेले. ते उसळून म्हणाले की, हे सारे परदेशी विष आहे. आपल्या संस्कृतीत असली विकृती नाही. पोरांना हे पाहू देणे हाच अपराध. सकाळी त्या खिळ्यांच्या पिंपळाला त्यांनीही भक्तिभावाने नमस्कार केला होता. त्यांच्या या मताला माझा विरोध आहे, आणि तो येथे स्पष्टपणे नोंदवावा असे मला वाटते. पडद्यावरची फळी आणि पिंपळातला खिळा यांत मला काही अंतर दिसत नाही. दोहोंमागे एकच वृत्ती आहे. समोरचा कोण, कुठला, हे न विचारता त्याला गप्प करावयाचे. शत्रू क्षुद्र ठरतो तो त्याची शक्ती कमी असते म्हणून नव्हे, तर त्याची हकीकत कोणी ऐकत नाही म्हणून.

आपल्या संस्कृतीत काय आहे ते पाहू. स्कंदपुराणातील काशीखंडात याच कुंडाची कथा आली आहे. तेव्हा त्याचे नाव विमलोदक. कपर्दीश्वराच्या सन्निध एक पाशुपत तपस्वी मार्गशीर्षात तप करीत असता त्याच्यापुढे एक भयंकर पिशाच उभे राहिले. तपस्व्याने दंड उचलला नाही, मंत्राने त्याला बांधलेही नाही. तू कोण, कोठून आलास, ही दशा तुला कशाने आली, असे त्याने विचारले. आणि पिशाच बोलू लागले. गोदातीरी प्रतिष्ठान नावाचे नगर आहे, तेथला मी ब्राह्मण. तीर्थाच्या ठिकाणी दान घेण्याची मला चटक लागली, त्या कर्माने ही योनी मिळाली. तहानेने जीव जातो, पण जलदेवता मला पाण्याला शिवू देत नाहीत, अशी त्याने आपली कहाणी सांगितली. तपस्व्याने त्याच्या कपाळाला लावण्यास विभूती दिली. त्या विभूतीच्या बळावर ते कुंडात उतरले, न्हाले, पाणी प्याले आणि मुक्त झाले. विमलोदकाचे पिशाचमोचन झाले ते तेव्हापासून. या कथेत खिळा कोठेही नाही.

वाचकहो, प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. प्रयागासमोरील झुशीलाही ते नाव होते हे खरे. पण येथे गोदावरीचा उल्लेख असल्यामुळे पळवाट उरत नाही. काशीतले सर्वांत प्रसिद्ध पिशाच आपल्याच गावचे आहे. हे सांगताच माझे स्नेही दुखावले. उत्तरेकडच्या कोणा पुराणिकाने दाक्षिणात्यांची केलेली ही निंदा, असे ते म्हणाले. मला तसे वाटत नाही. पैठणने काशीला एकनाथ दिले. नाथांनी भागवतावरील आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, याच काशीत पुरी केली. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट पैठणहून येथे आले. त्यांच्याच वंशात पुढे नारायणभट्ट, 'निर्णयसिंधु'कार कमलाकरभट्ट आणि १६७४ साली शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट झाले. काशीतल्या आपल्या प्रत्येक समारंभात या नावांचा गजर होतो आणि तो व्हावाच. पण मोठेपणाचे पैठणकर आपले आणि पिशाच झालेला पैठणकर मात्र परका, हा हिशेब मला मान्य नाही. जमेची बाजू ज्याला हवी त्याने खर्चाच्या बाजूवरही सही केली पाहिजे.

शिवाय पैठणचे आणि पिशाचांचे नाते एवढ्यावर संपत नाही. सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' रचला, त्यात गुणाढ्याची कथा आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या पदरी असलेला हा पंडित एका पैजेपायी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांना मुकला. तेव्हा विंध्यारण्यात पिशाचांची भाषा शिकून त्याने तीत आपली बृहत्कथा रक्ताने लिहिली. राजाने ती तुच्छ मानून परत धाडली. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. सात लक्ष श्लोकांतील सहा लक्ष असे जळाले. ज्या परंपरेने पिशाचांना भाषा आहे असे मानले, आणि ती न ऐकणाऱ्या राजाला पश्चात्ताप करावयास लावले, त्या परंपरेचे आपण वारस आहोत.

आपल्या घरच्या भुतांकडेच पाहा ना. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजेपूर्वी गेलेला मुलगा. समंध म्हणजे वासना मागे ठेवून गेलेला पुरुष. हडळ म्हटले की बाळंतपणात गेलेली बाई आठवते. आजीच्या तोंडून ही नावे ऐकताना आपण घाबरत होतो, पण त्या नावातच कोणाचे काय अपुरे राहिले ते कळत होते. कोणी म्हणेल, भुते खरी की खोटी हे आधी सांगा. माझे उत्तर असे की, भुते नसतील. अपुरे राहिलेले मात्र खरेच असते. त्याला नाव देणे ही अंधश्रद्धा नव्हे. नाव न विचारता त्याला झाडात ठोकणे ही अंधश्रद्धा.

काशीची लोककथाही हेच सांगते. एम. ए. शेरिंग यांनी १८६८ साली काशीवर जे इंग्रजी पुस्तक लिहिले त्यात ती दिली आहे. पिशाच नगरीत घुसू लागले तेव्हा भैरवाने त्याचे मस्तक उडविले. पण तुटलेले मस्तक बोलतच राहिले. मला येथून हाकलू नका, गयेच्या यात्रेकरूंनी आधी माझे दर्शन घ्यावे, असे त्याने मागितले आणि ते मान्य झाले. भैरवाच्या तलवारीने जे गप्प झाले नाही, ते दोन पैशांच्या खिळ्याने होईल काय?

आता त्या परदेशी खेळाकडे वळतो. त्याचा शेवट काय, ते मी नंतर पुतण्याकडून समजून घेतले. आजारी पत्नीला जेम्सनेच मारलेले असते, आणि गावात भेटणारे ते चेहरा नसलेले शत्रू त्याच्याच मनातल्या अपराधातून उठलेले असतात. कातडीत आवळलेला, तळमळणारा तो किरकोळ शत्रू म्हणजे 'कोणी नाही' असे नव्हतेच. तेव्हा खेळ करणाऱ्यांवर विकृतीचा आरोप करणे अन्यायाचे आहे. त्यांना जे कळले ते आपल्या पुराणिकाला कळले होते. अंतर एवढेच की, जेम्सला हे उमगते तोवर बडवून झालेले असते. काशीखंडातला तपस्वी आधी विचारतो.

या कथेतला दोषही आपल्या वर्गाने नीट वाचावा. दान घेणे ही ब्राह्मणाची मान्य वृत्ती असता पिशाचयोनी का, असा माझ्या स्नेह्यांचा शेवटचा सवाल होता. उत्तर स्थळात आहे. तीर्थावर माणूस बापाच्या अस्थी घेऊन येतो. त्या वेळी त्याला घासाघीस करता येत नाही, जे मागाल ते तो देतो. अडलेल्याकडून घेण्याची चटक, हा तो दोष. सरकारी कचेरीतल्या टेबलापुढे उभा राहणारा माणूसही असाच अडलेला असतो.

माझ्या पहिल्या बदलीच्या गावी दिवाळीत एका कंत्राटदाराकडून सुक्या मेव्याचा डबा आला होता. मी तो परत पाठविला नाही. त्याचे बिल त्या महिन्यात इतरांच्या आधी निघाले. मी कोणाला काही सांगितले नव्हते. सांगावे लागले नाही. ही गोष्ट मी आजवर कोठे बोललो नव्हतो. पिंपळापुढे उभा असताना ती आठवली, आणि जवळच्या दुकानात खिळे विकत मिळत होते.

मी खिळा घेतला नाही. पुढच्या पितृपक्षात आपल्यापैकी कोणाचे पाहुणे गयेस निघाले तर त्यांना पिशाचमोचनी अवश्य न्यावे, श्राद्ध करू द्यावे. त्याला माझा आक्षेप नाही. परंतु पायऱ्यांवर बसून त्यांना पैठणच्या त्या माणसाची कथा सांगावी, आणि मग आपल्या घरातून जो अकाली किंवा अपमानित होऊन गेला त्याचे नाव विचारावे, तो कसा गेला हे विचारावे. माझ्या वृद्ध आप्तांनी त्या दिवशी एक खिळा ठोकला. तो कोणासाठी, हे मी त्यांना विचारले नाही. ते परत गेल्यावर मी पत्र लिहून विचारले आहे. उत्तराची वाट पाहत आहे.